घराला टेकलेला ओटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या भंडारा जिल्ह्यात घर बांधून झालं, वास्तुशांती असो की कुराणखानी, जे करायचं ते करून झालं, की दोन कामं मागाहून उरतात. एक रंग आणि दुसरा ओटा. रंगाला पैसे कमी पडले तर माणूस वर्षभर थांबतो. ओट्यासाठी मात्र थांबत नाही. उरलेल्या विटा, उरलेली रेती, जुन्या भिंतीचा मलबा आणि मिस्त्रीचे शिल्लक राहिलेले दोन-तीन दिवस, एवढ्या भांडवलावर ओटा उभा राहतो. घर नकाशावर बांधलं जातं आणि ओटा अंदाजावर.

मग दोन-तीन पावसाळे जातात. समोरच्या खोलीत, आतल्या बाजूनं, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीचा रंग फुगू लागतो. पोपडे पडतात. बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला येते. लोणा लागला, असं आपण म्हणतो. मग सिमेंटवाल्याला शिव्या, रंगवाल्याला शिव्या. कुणी स्लॅब गळतो म्हणून वर डांबर ओततं. पण भिंतीच्या पलीकडे, बाहेरून टेकून बसलेल्या ओट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चोर दारातच बसलेला असतो, आणि आपण त्याच्यावर बसून चोराची चर्चा करत असतो.

म्हणून आज ओट्याबद्दल बोलायचं आहे. मी कवितेतला माणूस, बांधकामाचं शिक्षण माझ्याजवळ नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत आणि नातेवाइकांकडे इतके ओटे बांधताना, फुटताना आणि पुन्हा बांधताना पाहिले, मिस्त्री लोकांजवळ आणि एका निवृत्त ओव्हरसीयरजवळ इतकं बसलो, की त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या. त्या आपल्यासमोर ठेवतो.

आधी शब्दाचं पाहू. कवी असल्यामुळे एवढी सवलत मला द्यावी. आमच्या घरात याला चबुतरा म्हणतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की गल्लीत त्याचाच ओटा होतो. वर छप्पर आलं की छपरी किंवा सपरी. पुणेकर मंडळी ओसरी म्हणतात, कोकणात पडवी. प्रत्येक शब्दात थोडा थोडा फरक आहे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. ही जागा अर्धी घराची असते आणि अर्धी गावाची. ओट्यावर येऊन बसायला कुणाला विचारावं लागत नाही, आणि ओट्यावरून आत यायला मात्र विचारावं लागतं.

आमच्या भागात तर ओटा म्हणजे बायकांचा कारखाना होता. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, बाजूला सूत, आणि दुपारभर विड्या वळणं चाललेलं. भंडारा-गोंदियाच्या कित्येक घरांत मुलांच्या शाळेची फी या ओट्यावरूनच निघाली. तांदूळ निवडणं, लाखोळीची डाळ वाळवणं, नवजात बाळाला कोवळ्या उन्हात धरणं, पोळ्याचे बैल आणि मोहरमचे ताजिये पाहणं, सगळं इथूनच. माझी अम्मी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गुडघे गेले, नजर गेली, पण संध्याकाळी तिला ओट्यावर बसवलं नाही तर ती जेवत नाही. "अंदर जी घबराता है," म्हणते. टीव्ही तिला चालत नाही. तिला कुणीतरी जाता जाता "चाची, कशी आहेस?" विचारणारं हवं असतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना ओटा ही हौस नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

जुने मातीचे ओटे आठवा. पांढऱ्या मातीचा भराव, वर शेणाचं सारवण, कडेला छुईचा पट्टा. त्यावर कवेलूचं छप्पर पुढे आलेलं, त्यामुळे वळचणीचं पाणी ओट्याच्या पलीकडे पडायचं. जो काही ओलावा मातीत शिरायचा तो उन्हाळ्यात त्याच मातीतून हवेत निघून जायचा, कारण वर झाकण नव्हतं. शिवाय दर सणाला घरची बाई हातानं तो ओटा सारवायची. म्हणजे दर महिना-पंधरा दिवसांनी त्याची तपासणीच व्हायची. कुठे खड्डा पडला, कुठे उधळी लागली, हे तिच्या हाताला आधी कळायचं. हा ओटा टिकला तो मातीच्या गुणानं जेवढा, तेवढाच त्या हाताच्या गुणानं.

आता ते हात दुसऱ्या कामात आहेत, आणि ते योग्यच आहे. सारवणाचं काव्य सारवणाऱ्याच्या कंबरेला विचारून लिहावं. त्यामुळे आज ओट्यावर सिमेंटचा कोबा, टाइल किंवा गट्टू येतात. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे जाड ठोकळे, कागदोपत्री पेव्हर ब्लॉक. गावोगावच्या गल्ल्यांत ते बसले, तिथून ते अंगणात आणि ओट्यावर चढले. माझं मत विचाराल तर घराला टेकून असलेल्या ओट्यासाठी कोब्यापेक्षा गट्टू चांगले. जमीन थोडी खाली बसली तर कोबा तडकतो आणि तडकलेला कोबा फक्त फोडता येतो. गट्टू उचलता येतात, खाली भर घालता येते, पुन्हा तेच बसवता येतात. टाइल तर ओट्यावर बसवूच नये. पहिल्या पावसात तिच्यावरून घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस घसरतं.

पण गट्टूचा ओटा हा वरून दिसतो तेवढा सोपा नाही. त्याचं खरं काम खाली आहे आणि मागे, म्हणजे भिंतीजवळ आहे.

सर्वांत आधी उंची. घराचं जोतं जिथे संपतं आणि भिंत जिथे सुरू होते, तिथे सिमेंटच्या घरात काँक्रीटचा एक पट्टा असतो. कुठे तो दीड-दोन इंचांचा असतो, कुठे जोत्याचा बीमच असतो. जमिनीतली ओल या पट्ट्यापर्यंत चढते आणि तिथे अडते. कंदिलाची वात रॉकेल कशी वर ओढते ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. वीट आणि माती पाणी तशीच वर ओढतात. तो पट्टा म्हणजे वातीला मारलेली गाठ. आता तुम्ही ओटा या पट्ट्याच्या वर नेला, तर काय झालं? ओट्यातली ओली माती पट्ट्याला वळसा घालून थेट भिंतीला टेकली. गाठ आहे तिथेच आहे, पण रॉकेल तिच्या वरून ओतलं जातं आहे. लोणा येतो तो असा. आणि त्याच वाटेनं उधळीसुद्धा येते, जिला चौकटीचं लाकूड फार आवडतं.

म्हणून ओट्याचा वरचा पृष्ठभाग त्या पट्ट्यापेक्षा किमान सहा इंच खाली राहिला पाहिजे. सहा इंच एवढ्यासाठी की गट्टूवर पडलेला पावसाचा थेंब उडतो, आणि उडालेलं पाणीही भिंतीला लागता कामा नये. जोतं जमिनीपासून अडीच फूट असेल तर ओटा दोन फूट. जोतंच दीड फूट असेल तर ओटा एक फूट. जोतं फूटभरच असेल तर मला विचाराल तर उंच ओट्याचा नाद सोडा, सहा इंचांचं फरसबंद अंगण करा आणि बाज टाकून बसा.

इथे एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. अनेकांची जोती मुळात ठेंगणी नव्हती, ती बुडाली. गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो. काही वर्षांनी त्यावरच दुसरा थर पडतो. मग त्यावर गट्टू. जुना रस्ता खोदून काढायचे कष्ट कुणी घेत नाही. दर वेळी चार-सहा इंच चढतात. आमच्या एका नातेवाइकांच्या घराला मी लहानपणी तीन पायऱ्या चढून जात असे. आता एक पायरी उतरून जावं लागतं. रस्ता होत असताना त्यांनी ठेकेदाराला विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुमचं घर उंच करून घ्या." अशा घरी माणसं ओटा उंच करतात, पाणी आत येऊ नये म्हणून, आणि मग ओटाच भिंतीला ओल पाजतो. याला ओट्याची उंची हा इलाज नाही. रस्ता करताना आधीची पातळी खरवडून काढा, असं ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत काम सुरू होण्याच्या आधी म्हणावं लागतं. नंतर म्हणून उपयोग होत नाही.

काही घरांत दाराचा उंबरठा आणि ओटा एका पातळीत असणं गरजेचं असतं. चाकाची खुर्ची आहे, पाय उचलता येत नाही. तिथे सरसकट ओटा वर न चढवता फक्त दारासमोर चढण करावी, तीही भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवून, आणि त्या फटीवर लोखंडी जाळी टाकावी. पाणी फटीत पडून बाजूला निघून जाईल. बाकी ओटा खालीच राहू द्यावा.

आणि घर मातीचं असेल तर? आपल्या जिल्ह्यात अजूनही बरीच मातीच्या भिंतींची घरं आहेत. त्यांना तो काँक्रीटचा पट्टा नसतो. त्यांच्या अंगाला गट्टूचा भराव लावणं म्हणजे भिंतीला पाण्यात उभं करणं. अशा घराचा नवा ओटा भिंतीपासून फूटभर दूर बांधावा, मधल्या जागेतून पाणी वाहून जाऊ द्यावं आणि दारासमोर एक सुटी फरशी पुलासारखी टाकावी. फरशी उचलली की खालचं साफ करता येतं. नाही तर सरळ मातीचाच ओटा ठेवावा. मातीच्या घराचं मातीशी पटतं.

आता जमिनीखाली जाऊ. घराचा पाया खोदताना भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट जास्तीची जागा खोदली जाते आणि पाया भरून झाल्यावर ती चर माती ढकलून बुजवली जाते. ती कुणी नीट दाबत नाही. वर्षानुवर्षं ती माती बसत राहते. आपला ओटा नेमका त्याच पट्टीवर येतो. त्यामुळे ओट्याची भिंतीकडची बाजू आधी खचते, उतार उलटा होतो, आणि सगळं पाणी घराकडे वाहू लागतं. ओटा बिघडण्याचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे. काम सुरू करण्याआधी भिंतीला लागून सब्बल टोचून पाहा. सब्बल सहज हातभर आत गेली तर तिथली माती मोकळी आहे. ती दीड-दोन फूट काढा, पायाच्या तळापर्यंत मात्र जाऊ नका, आणि तिथे मुरूम भरून हातानं दाबा.

माती कोणती आहे हेही पाहावं लागतं. आपल्याकडे शेतकरी मातीला नावानं ओळखतो. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. धानासाठी कन्हार चांगली, पण ओट्यासाठी तिच्याइतकी वाईट दुसरी नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की त्यात वासराचा पाय अडकावा. कन्हारीवर ओट्याची कडेची भिंत उभी करायची तर पाया तिच्या खाली, मुरूम लागेपर्यंत न्यावा. आणि खोदलेली कन्हार माती पुन्हा ओट्यात भरू नये. फुकटात मिळते म्हणून भरतात. नंतर ती दर पावसाळ्यात ओट्याला श्वास घ्यायला लावते आणि गट्टू वर-खाली होतात. घरातला मलबा, प्लास्टिक, लाकडाचे तुकडे हेही भरू नयेत. लाकूड कुजतं, पोकळी होते, उधळी त्यात घर करते.

भराव मुरमाचा. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, दोन फूट उंच ओटा धरा. चारशे घनफूट झाले, म्हणजे चार ब्रास. पण ट्रॉलीत सुटा आलेला मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पाच ब्रास धरून चाला. दाबून झालेल्या या भरावाचं वजन वीस टनांच्या आसपास जातं. वीस टन! ओटा म्हणजे घराबाहेरची एक लहानशी गोष्ट, असं आपण समजतो, म्हणून हा आकडा सांगितला. एवढं वजन तुमच्या घराला टेकून कायमचं बसणार आहे, तर त्याला नीट बसवलं पाहिजे.

नीट म्हणजे थरांनी. सहा इंच मुरूम, थोडं पाणी, धुम्मस. पुन्हा सहा इंच, पाणी, धुम्मस. दोन फूट एकदम भरून वरून पाणी सोडलं की वरचा थर बसतो आणि खालचा तसाच भुसभुशीत राहतो. ही विद्या आपल्याकडे काही नवी नाही. या भागातले शेकडो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मातीच्या पाळीवर उभे आहेत. कोहळी समाजातल्या लोकांनी ते बांधले, तेव्हा त्यांच्याजवळ रोलर नव्हता. पाळ थराथरानं चढते आणि प्रत्येक थर बसल्याशिवाय पुढचा टाकायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याला दोन फूट उंच ओट्यात तेवढा धीर धरवत नाही. यंत्रानं दाबायचं असेल तर ते भाड्यानं मिळतं. फक्त भिंतीजवळच्या फूट-दीड फुटात यंत्र लावू नये, तिथे हाताचीच धुम्मस चालवावी.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. ते म्हणतात, "भाऊ, भरावाले एक पावसाळा पाजा लागते." म्हणजे मे महिन्यात भराव करून ठेवायचा, पावसाळाभर तसाच राहू द्यायचा, आणि दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपल्यावर, गट्टू बसवायचे. मजूरही तेव्हा मोकळे असतात. ज्याला घाई नाही त्यानं हे जरूर ऐकावं. पावसानं दाबलेला भराव कोणत्याही यंत्रापेक्षा प्रामाणिक असतो.

भराव टाकण्याआधी जोत्याच्या बाहेरच्या बाजूला पाणी न झिरपणारा सिमेंटचा गिलावा करून त्यावर डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. वर जाड प्लास्टिकचा कागद लावावा. हा खर्च एकूण कामात अगदी किरकोळ आहे, आणि नंतर करायचा म्हटलं तर वीस टन उपसावे लागतात.

उरलेल्या तीन बाजूंना वीट किंवा दगडाची नऊ इंची भिंत येते. इथे बहुतेक जण फसतात. तीन बाजूंना पक्की भिंत, चौथीकडे घराचं जोतं, आणि वर गट्टू, ज्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जाणारच. मग ते पाणी निघेल कुठून? आपण ओटा बांधला असं समजतो, प्रत्यक्षात हौद बांधलेला असतो. म्हणून समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, दर चार-पाच फुटांवर दोन इंची पाइपाचा तुकडा टाकावा, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, आणि आतल्या तोंडाशी ओंजळभर गिट्टी ठेवावी म्हणजे मुरूम वाहून जाणार नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहरात, नदीकाठच्या गावांत घराघरांत पाणी शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. त्या पुरानंतर एक गोष्ट पाहायला मिळाली. ज्या ओट्यांना अशी छिद्रं होती, त्यांच्यातून पाणी उतरल्यावर कित्येक दिवस बारीक धार निघत होती. ज्यांना नव्हती, त्यांच्या आतलं पाणी भिंतीतून घरात झिरपत राहिलं. पूर आठवड्याभरात गेला; ओट्यातला पूर दिवाळीपर्यंत राहिला.

उताराचं गणित सोपं आहे. भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत दहा फुटांना दोन इंच. डोळ्याला तो दिसत नाही, बाजेला जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. फक्त हा उतार वरच्या गट्टूला देऊन भागत नाही. खालचा मुरूमही तसाच उतरता दाबलेला पाहिजे, कारण सांध्यातून गेलेलं पाणी मुरमाच्या उतारानं चालतं, गट्टूच्या नाही. अनेक मिस्त्री मुरूम सपाट करतात आणि उतार वरच्या चुरीत काढतात. तिथे उभं राहून लेव्हलच्या पाइपानं तपासून घ्यावं.

पाणी किती, याचाही अंदाज असावा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या वीस बाय दहाच्या ओट्यावर वर्षाला चोवीस हजार लिटर पाणी येतं. एखाद्या दिवशी शंभर मिलिमीटर पडला तर त्या एका दिवसात अठराशे लिटरच्या वर. हे नुसतं आकाशातून सरळ पडलेलं. त्यात स्लॅबचा पाइप ओट्यावर सोडलेला असेल तर अख्ख्या छताचं पाणी त्यात मिळवा. पाइपाखालचे गट्टू महिन्याभरात खचतात. छताचं पाणी पाइपानंच ओट्याच्या पलीकडे न्यावं, आणि टिनाचं छप्पर असेल तर त्याला पन्हाळ लावावी.

मुरमावर चार इंच गिट्टी-चुरीचा थर, तोही दाबलेला. त्यावर इंच-सव्वा इंच बारीक चुरी, ही मात्र दाबायची नाही, नुसती फळीनं सारखी करायची. त्यावर गट्टू. ही सारी जाडी त्या दोन फुटांतूनच वजा करायची, नाही तर शेवटी ओटा जोत्याच्या डोक्यावर जातो. रेती वापरायची की चुरी, असं लोक विचारतात. वैनगंगेची रेती उत्तम, पण त्या नदीतून आपण आधीच फार उपसलं आहे. ओट्याखाली खदानीची चुरी चांगली चालते. रेती फक्त शेवटी सांधे भरायला, तीही बारीक आणि कोरडी, चार-दोन घमेली.

गट्टूंसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक १५६५८, ते २००६ साली आलं. त्यात जिथे वाहन जात नाही अशा जागेला ५० मिलिमीटर जाडीचा, एम-३० दर्जाचा गट्टू सांगितला आहे आणि हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटरचा, एम-३५ चा. ओट्याला ५० पुरतो. परंतु ओट्यावर मोटारसायकल चढणारच, हे आपण सर्व जाणतो, तेव्हा ६० चाच घ्यावा. दोन गट्टू एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आवाज आला किंवा कोपरा भुगा होऊन पडला तर परत पाठवा. कडेची ओळ तेवढी सिमेंटमध्ये पक्की बसवावी, कारण ती सरकली की मागची सगळी रांग सरकते. बाकीच्या सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू देऊ नका. मिस्त्रीला ते स्वच्छ दिसतं, त्याला हौस असते. पण मग गट्टूचा कोबा होतो, आणि ज्या गुणासाठी गट्टू घेतले तो गुणच जातो.

आता पायऱ्या. समोरची कड उतारामुळे बावीस इंच राहते. तीन पायऱ्या आणि चौथं पाऊल ओट्यावर, प्रत्येक चढ साडेपाच इंचांचा, पायरीची रुंदी फूटभर. सगळे चढ सारखे. एक जरी अर्धा-पाऊण इंच कमी-जास्त असला तर पाय तिथेच अडखळतो, कारण पाय मोजत असतो, डोळे नाही. एका बाजूला हात धरायला पाइप लावावा. आणि आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात मला दिसली नाही पण जुन्या ओट्यांवर दिसते. कडेवर बसून पाय खाली सोडायचे तर बावीस इंच म्हाताऱ्या माणसाला उंच पडतात, पाय लोंबकळतात, मांडीला कड रुततो. म्हणून पायऱ्यांच्या बाजूला, ओट्याच्या लांबीभर, साडेपाच इंच उंचीची एक सलग लांब पायरी खाली द्यावी. तिच्यावर पाय टेकले की बैठक साडेसोळा इंचांची होते. खुर्चीएवढी. बसणंही सोपं आणि उठणंही. अम्मीची जागा आम्ही अशीच केली आहे. तिच्या शेजारी आता गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी येऊन बसतात आणि त्या बैठकीत कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाचं लग्न मोडलं इथपर्यंत सर्व खात्यांचा कारभार चालतो.

ओटा कुठपर्यंत न्यायचा, यावरून मात्र गल्लीत भांडणं होतात. आपल्या हद्दीपर्यंतच, नालीच्या अलीकडे. नालीवर स्लॅब टाकून ओटा पुढे काढला की सफाई कामगाराला ती साफ करता येत नाही, ती तुंबते, आणि शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरतं. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नं ग्रामपंचायतीला दिलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या ओट्यामुळे शेजारी बोलेनासा झाला त्या ओट्यावर बसायला येणार कोण?

सगळं झाल्यावर एक काम उरतं, आणि ते मिस्त्रीचं नाही, घरवाल्याचं आहे. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन ओट्यावर उभं राहायचं. पाणी कुठून निघतं, कुठे थबकतं, भिंतीकडे एखादा ओघळ वळतो का, हे पाहायचं. समोरच्या छिद्रांतून धार येते का तेही पाहायचं. पाऊस थांबल्यावर जिथे थारोळं राहिलं असेल तिथे खडूनं गोल करून ठेवायचा. ऊन पडून दोन दिवस गेले की त्या गोलातले गट्टू उचलायचे, खाली मूठ-दोन मूठ चुरी घालायची, पुन्हा बसवायचे आणि सांध्यांत कोरडी रेती झाडून घ्यायची. सांध्यांतली रेती पहिल्या वर्षी थोडी खाली उतरतेच, ती दिवाळीत पुन्हा भरायची. दोन गट्टू मधून काढायला कठीण जातात. पहिला निघाला की बाकीचे हातानं निघतात. त्या पहिल्यासाठी दोन जुने स्क्रू-ड्रायव्हर घरात ठेवले तरी पुरे.